हबलचा ड्यूटी चार्ट: एका निवृत्त नियंत्रकाचा शेरा

एसटीत ३३ वर्षं काढली. त्यातली शेवटची १९ नाशिकच्या जुन्या सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकात, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. तेव्हापासून कुठलंही वेळापत्रक समोर आलं की माझी नजर आधी रिकाम्या जागांवर जाते. गाडी कुठे जाते हे पाटीवरच लिहिलेलं असतं. दोन फेऱ्यांच्या मधे ती काय करते, त्यावरून चार्ट लावणाऱ्याची अक्कल कळते.

दिवाळीच्या सुट्टीत नातीने मोबाइलवर एक पान उघडून दिलं. ‘स्पेस टेलिस्कोप लाइव्ह’. म्हणाली, “आबा, हबल आत्ता काय बघतंय ते इथे दिसतं. तुमच्या कामाचं आहे.” पोरीने बरोबर ओळखलं. बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट हे पान चालवते. पैसे नाहीत, नाव-गाव नोंदवायची भानगड नाही. गेले चार महिने सकाळच्या चहाबरोबर पेपरच्या आधी मी हेच बघतो, म्हणून म्हटलं लिहावं.

अंतराळात सोडलेल्या दोन दुर्बिणी आहेत, हबल आणि वेब. सध्या कशाकडे बघणं चाललंय, कुठलं उपकरण लावलंय, कधी सुरू झालं, कधी संपणार, कुठल्या शास्त्रज्ञांचा प्रस्ताव आहे आणि त्यांना नेमकं काय शोधायचंय, सगळं दिलेलं. सोबत आकाशाचा नकाशा, बोटांनी मोठा करत त्या जागेपर्यंत जाता येतं. पुढच्या फेऱ्या दिसतात, मागच्याही दिसतात. वेबचं जानेवारी २०२२ पासूनचं आणि हबलचं थेट मे १९९० पासूनचं रेकॉर्ड उघडतं. मी पहिल्याच दिवशी २००३च्या सिंहस्थातली शाहीस्नानाची तारीख काढली. त्या वेळी दोन रात्री पाठ टेकली नव्हती, जादा गाड्यांच्या मागे नुसती पळापळ. वर हबल काय करत होतं बघू म्हटलं. बघायच्या वस्तूचं नाव सगळं आकड्यांचं, मला काही बोध झाला नाही. पण कुणीतरी त्या रात्री तिथलीही ड्यूटी लावलेली होती, एवढं कळलं.

सिंहस्थावरून आठवलं. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे कुंभ भरतो. त्याच गुरूचा चेहरा हबल दरवर्षी नेमाने टिपतं. ओपल नावाचा कार्यक्रम आहे, त्यात बाहेरच्या चारही मोठ्या ग्रहांची दरसाल तपासणी होते. आपण बारा वर्षांनी एकदा बघायचं, हे दरवर्षी.

आता मुख्य मुद्दा, चार्ट. हबल जमिनीपासून साधारण ५०० किलोमीटरवर आहे आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं. म्हणजे दिवसाला १५ फेऱ्या. पण प्रत्येक फेरीत जवळजवळ निम्मा वेळ पृथ्वीच मधे येते आणि बघायची वस्तू झाकली जाते. शिवाय ब्राझीलच्या बाजूला, दक्षिण अटलांटिकवर, भारित कणांचा पट्टा खाली झुकलेला आहे. दुर्बीण त्यातून जाते तेव्हा बघणं बंद ठेवतात. घाटात ड्रायव्हर बदलायचा नाही, तसलाच नियम. सूर्याच्या आसपास तोंड करायचं नाही, हा आणखी एक. आणि एका वस्तूकडून दुसरीकडे वळायचं तर घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या वेगाने, काटकोनात वळायला पंधरा मिनिटं. आमच्या भाषेत डेड किलोमीटर, म्हणजे प्रवाशांविना रिकामी धाव. एवढ्या अडचणी सांभाळून बाल्टिमोरची माणसं आठवडाभराचा चार्ट आधी लावून ठेवतात. मी हात जोडले.

सगळ्यात जास्त आवडलं ते पुढेच. पृथ्वी आडवी येते त्या वेळात पुष्कळदा कॅमेऱ्याची झडप बंद ठेवून निव्वळ अंधाराचे फोटो काढतात. यंत्राचा स्वतःचा दोष किती, तो आधी मोजायचा आणि खऱ्या फोटोतून वजा करायचा. गाडी स्टँडवर उभी आहे तोवर टायर ठोकून बघायचे, दुसरं काय! शिवाय एक कॅमेरा मुख्य कामात असताना दुसरा शेजारच्या आकाशाचे फोटो घेत राहतो. टपावरचं पार्सल. फेरी तर जाणारच आहे, मग रिकामी का न्यायची?

वेबची तऱ्हा वेगळी. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पृथ्वीच्या जोडीने सूर्याभोवती फिरतं, त्यामुळे दर तासा-दीड तासाला काही आडवं येत नाही. आणि त्याचं कामकाज मिनिटाला बांधलेलं नाही. यादी वर पाठवून दिलेली असते. एक काम झालं की दुसरं, वाट दाखवणारा तारा सापडला नाही तर ते सोडून पुढचं. हबल म्हणजे एसटी आणि वेब म्हणजे त्र्यंबकची काळी-पिवळी, असं मी नातीला सांगितलं. तिला काळी-पिवळी माहीत नाही. असो.

हबलचं वय दिसतं मात्र. जून २०२४ पासून ते एकाच जायरोवर, म्हणजे दुर्बीण किती वळली ते मोजणाऱ्या यंत्रावर, चालवतात, दुसरा चांगला आहे तो राखीव ठेवलाय. त्यामुळे वळायला आणि स्थिर व्हायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, फेऱ्या कमी बसतात. मंगळापेक्षा जवळून सरकणाऱ्या वस्तूंचा पाठलागही आता होत नाही. जुन्या गाडीचा वेग कमी केला, पण मार्गावरून काढली नाही. मला पटलं.

वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पानावरची माहिती वेळापत्रकातून येते. म्हणजे हा चार्ट आहे, वेबिल (कंडक्टरकडची प्रत्यक्ष फेरीची नोंद) नव्हे. आणि आज बघितलेल्याचा फोटो आजच दिसेल ही अपेक्षा नको. बरीचशी माहिती काही महिने प्रस्ताव देणाऱ्याच्याच हातात असते, मग सगळ्यांना खुली होते. रंगीत चित्रांसाठी येणाऱ्याचा इथे हिरमोड होईल. पान इंग्रजीत आहे, माझं शब्दकोशावर भागतं, आमच्या हिचं भागत नाही. तेवढ्यासाठी अर्धा तारा कापतो. पाचपैकी साडेचार.

पूर्ण पाच मिळाले असते ते एका संध्याकाळमुळे. हबलचा मार्ग विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना साडेअठ्ठावीस अंशांपर्यंतच जातो. लंडनवाल्याला ते दिसत नाही, नाशिक वीस अंशांवर असल्याने आपल्याला डोक्यावरून जाताना दिसू शकतं. वेळ कळावी म्हणून मी एक अॅप घेतलं, नाव घेत नाही. दोन संध्याकाळी गच्चीवर मान मोडून उभा राहिलो, काही नाही. तिसऱ्या दिवशी नातीने फोनवर सांगितलं की अॅपने माझं गाव भलतंच धरलंय. नियंत्रकाला स्वतःचा स्टँड सापडू नये! गाव हाताने घातलं आणि हिला घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो, शहराचे दिवे नकोत म्हणून.

साडेसातच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून एक ठिपका निघाला. लुकलुक नाही, आवाज नाही, एकसारखा सरकत वर आला. मी मोबाइलवर पान उघडलं. कुठल्या तरी दूरच्या दीर्घिकेचं काम चालू असल्याची नोंद होती. ठिपका पूर्वेला कलला आणि झाडांपर्यंत पोचायच्या आतच विझला. पृथ्वीच्या सावलीत शिरला.

ही म्हणाली, “अहो, आत कुणी असतं का त्यात?”

“नाही गं. दुरुस्तीवाले शेवटचे गेले होते ते २००९च्या मे महिन्यात. तेव्हापासून रिकामीच धावतेय.”

“मग लाईट कशाला लावलेत?”

सूर्याचा उजेड आहे तो, हे सांगेपर्यंत डास चावायला लागले होते. गाडी सुरू केली.