मावशींना काठी घ्यावी की वॉकर?

मावशींचा एक गुडघा दुखतो. घर सोलापुरातलं, जुनं: उंबरे, शहाबादी फरशी, अरुंद बोळ. भाचीने विचारलं, काय घेऊ?

काठी स्वस्त, रिक्षात मावते, उंबरा ओलांडताना अडत नाही. मात्र ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण उलटं करतात. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. खालचं रबर झिजलं की ओल्या फरशीवर घसरायला वेळ लागत नाही, लगेच बदला.

वॉकर महाग, आणि दोन्ही हात अडकतात. चहाचा कपही नेता येत नाही. जिन्यावर तर नकोच. तरी तोल जात असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर वॉकरच. मावशी सिद्धेश्वराच्या दर्शनाला चालत जातात, तोलही नीट आहे; त्यांना काठी पुरे.