शिक्षक-व्हिसाची कागदपत्रं, एजन्सी आणि अपोस्टिलची पिन

सुरुवातीला मी या एजन्सीला पाच तारे दिले होते. आता दोनच ठेवते आहे, आणि त्याला कारण स्टेपलरची एक पिन. वाचायला क्षुल्लक वाटेल. पण त्या पिनेपायी माझा पोलिस दाखला बाद झाला, फी दुसऱ्यांदा भरावी लागली आणि शाळेत रुजू होण्याची तारीख पुढे गेली. एजन्सीचं नाव घेत नाही, कारण हे इतर कुठल्याही एजन्सीत घडू शकतं आणि ते टाळता कसं येईल हेच मला सांगायचं आहे.

परदेशात शिकवायला जाताना काय काय लागतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. पदवी, गुणपत्रिका, शिकवण्याचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, पोलिस दाखला, आणि त्यातल्या महत्त्वाच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. यादी पुन्हा देत बसत नाही. मी दोन देशांत राहिलेली असल्यामुळे शाळेने दोन्हीकडचे पोलिस दाखले मागितले. ते रास्तच आहे. लहान मुलांच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाची चौकशी कसून व्हायलाच हवी, त्यापायी होणाऱ्या दगदगीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन देशांतली कार्यालयं सांभाळत नोकरी करणं जमेना, म्हणून एजन्सी गाठली.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. अपोस्टिल कुठून घ्यायचं हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरत नाही, कागदावर सही कोणाची आहे त्यावर ठरतं, हे त्यांनी पहिल्याच फोनवर नीट समजावलं. अमेरिकेत हा घोळ सर्रास होतो. एफबीआयचा दाखला केंद्र सरकारचा, त्यामुळे त्यावर अपोस्टिल फक्त तिथल्या परराष्ट्र खात्याचं चालतं. पदवीच्या नोटरी केलेल्या प्रतीवर मात्र ती नोटरी ज्या राज्यातली, त्या राज्याचं अपोस्टिल लागतं. ब्रिटनचा घोळ वेगळाच. परदेशी व्हिसासाठीचा पोलिस दाखला ‘आक्रो’ हे तिथलं पोलिसांचं गुन्हेनोंद कार्यालय देतं आणि डीबीएस ही गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी असते तिथल्या तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी. शिवाय परदेशात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र निराळं काढावं लागतं आणि पुष्कळ आंतरराष्ट्रीय शाळा तेच मागतात. चुकीच्या प्रकारचा दाखला कितीही खरा असला तरी खिडकीवरून परत येतो.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती क्रमाची. पोलिस दाखल्याचं वय त्याच्या स्वतःच्या तारखेपासून मोजतात. अपोस्टिल नंतर झालं म्हणून ते कमी होत नाही. दक्षिण कोरियाच्या ई-२ व्हिसासाठी, म्हणजे परदेशी भाषा-शिक्षकांच्या व्हिसासाठी, दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. जपानचं गणित वेगळं आहे. तिथे व्हिसाच्या आधी तिथलं इमिग्रेशन खातं पात्रता प्रमाणपत्र देतं आणि त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत देशात दाखल व्हावं लागतं. पदवीला असं वय नसतं आणि अपोस्टिललाही स्वतःची मुदत नसते. म्हणून पदवी, गुणपत्रिका आणि बाकीचे कागद आधी करून ठेवायचे आणि पोलिस दाखला सगळ्यात शेवटी, शाळेचं करारपत्र हातात आल्यावर काढायचा. मी एकटीने केलं असतं तर दाखलाच आधी काढला असता, कारण मनात धाकधूक त्याचीच जास्त असते. या एका सल्ल्यापोटी त्यांना पाच तारे दिले होते आणि तो सल्ला आजही मला पटतो.

आता पिन.

अपोस्टिल हा एक चौकोनी तक्ता असतो. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेगच्या करारात त्याचा नमुनाच दिलेला आहे. चौकोनाची बाजू निदान ९ सेंटिमीटर हवी, मथळा फ्रेंचमध्येच हवा आणि खाली १ ते १० असे क्रमांक घातलेले रकाने हवेत: देश, सही कोणाची, ती कोणत्या हुद्द्याने केली, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख, कोणी प्रमाणित केलं, क्रमांक, शिक्का, सही. हा तक्ता मूळ कागदावरच छापायचा, चिकटवायचा किंवा वेगळ्या पानावर काढून ते पान मूळ कागदाला जोडायचं. माझ्या पोलिस दाखल्याला तो वेगळ्या पानावर होता आणि ते पान डाव्या कोपऱ्यात पिनेने जोडलेलं होतं.

एजन्सीला माझी फाइल शाळेकडे ई-मेलने पाठवायची होती. त्यांचं स्कॅनर कागद आत ओढून घेणारं आहे. त्यात पिनेचा जोड जात नाही, म्हणून तिथल्या कोणीतरी पिन उपटली, पानं सुटी केली, स्कॅन केलं आणि दुसरी पिन मारून माझ्या हातात दिलं. मला कोणी काही सांगितलं नाही. वकिलातीच्या खिडकीवरच्या बाईंनी कागद उजेडाकडे धरला. जुन्या पिनेची भोकं नव्या पिनेच्या शेजारी स्पष्ट दिसत होती. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि हा दाखला स्वीकारता येणार नाही असं सांगितलं.

त्यांच्याशी मी बराच वाद घातला. माझा मुद्दा असा होता: करारानुसार प्रत्येक अपोस्टिलची नोंद देणाऱ्या कार्यालयाला ठेवावीच लागते. पुष्कळ देशांत ती नोंद इंटरनेटवर क्रमांक आणि तारीख टाकून पाहता येते. माझं अपोस्टिल खरं आहे हे तुम्ही आत्ता, इथल्या इथे पडताळू शकता, मग पिनेचं काय घेऊन बसलात? बाईंचं उत्तर मला तेव्हा खडूस वाटलं. त्या म्हणाल्या, “नोंदीवरून एवढंच कळतं की असं अपोस्टिल दिलं गेलं होतं. ते याच कागदाला जोडलेलं होतं हे कशावरून कळणार?”

परत येताना मला त्यांचाच राग येत होता. हळूहळू लक्षात आलं की त्या बरोबर होत्या. अपोस्टिल कागदातल्या मजकुराची हमी देतच नाही. सही खरी आहे, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा आहे आणि शिक्का खरा आहे, एवढंच ते सांगतं. तुमच्यावर गुन्हा नाही, हे त्या चौकोनात कुठेही लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं मागच्या पानावर. म्हणजे मागचं पान आणि हा चौकोन यांच्यामध्ये जो जोड आहे, तोच सगळा पुरावा. कोणी मूळ दाखला सुटा करून तिथे दुसऱ्या माणसाचा दाखला लावला आणि त्याच अधिकाऱ्याचं नाव खाली आलं, तर चौकोन अजूनही खराच राहतो. मुलांच्या सुरक्षेसाठी मागितलेल्या कागदाच्या बाबतीत हा धोका कुणी पत्करू नये, असं आता मलाही वाटतं.

तरी करारावर माझा एक राग कायम आहे. चौकोन किती सेंटिमीटरचा, मथळा कुठल्या भाषेत, रकाने किती, हे सगळं ठरवून दिलं आणि पान जोडायचं कसं ते मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलं. म्हणून कुठे रिबन आणि लाख, कुठे धातूची आयलेट, कुठे कोपरा दुमडून दोन्ही पानांवर पडेल असा उठावाचा शिक्का, आणि कुठे नुसती पिन. रिबन आणि आयलेट उघडली तर लगेच दिसतं, म्हणून कुणी उघडायला धजत नाही. पिनेला कुणी गंभीरपणे घेतच नाही. एका राष्ट्राची दुसऱ्या राष्ट्राला दिलेली हमी कचेरीतल्या कुठल्याही टेबलावर सापडणाऱ्या पिनेवर टेकलेली असावी हे मला पटत नाही.

एजन्सीचं म्हणाल तर, नवा दाखला आणि नवं अपोस्टिल काढायचा त्यांचा मेहनताना त्यांनी सोडला. सरकारी फी आणि कुरिअर मात्र मलाच भरावं लागलं. पिन त्यांनी काढली, भुर्दंड मी भरला. हे मी विसरणार नाही. पावत्या दाखवून मागितलं तरी “शासकीय शुल्क परत मिळत नाही” हेच वाक्य दर ई-मेलला आलं. सरकारकडून परत मिळत नाही हे मलाही ठाऊक आहे. मी मागत होते ते त्यांच्याकडून.

त्यात नव्या दाखल्यासाठी बोटांच्या ठशांचा ताप पुन्हा झाला. रेषा पुसट आल्या तर ठसे नाकारले जातात, आणि ज्यांच्या हाताला सतत खडूची भुकटी किंवा सॅनिटायझर लागतो त्यांच्या रेषा कोरड्या पडतात. ठसे द्यायच्या आधी काही दिवस हाताला रोज मलम लावा, देताना मात्र हात स्वच्छ धुऊन कोरडे करा.

नंतरची भर: नवा दाखला मंजूर झाला, व्हिसा लागला, मी आता शिकवते आहे. या वर्षी एका सहकारी मैत्रिणीची फाइल जवळून पाहायला मिळाली आणि माझं मत थोडं बदललं. तिच्या देशात ई-अपोस्टिल मिळतं. डिजिटल सही असलेली एकच फाइल, दाखला आणि अपोस्टिल एकत्र. जोड काढायचा प्रश्नच नाही, कारण फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सही अवैध दाखवते. हेगच्या परिषदेने हा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू केला आणि काही देशांच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत क्रमांक टाकल्यावर मूळ कागदाची प्रतिमाही दिसते. तिथे खिडकीवरच्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर आहे. तुमच्या देशात हा पर्याय असेल आणि शाळेचा देश तो स्वीकारत असेल, तर डोळे मिटून तोच घ्या. मात्र ई-अपोस्टिलचा छापील कागद म्हणजे ई-अपोस्टिल नव्हे. सही फाइलमध्ये असते, छापल्यावर ती नाहीशी होते. म्हणून फाइलच पाठवायची.

आखाती देशांकडे डोळा असेल तर आणखी सांगते. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या हेग करारात नाही, त्यामुळे तिथे जुनी साखळी चालते: आधी आपल्याकडचं परराष्ट्र खातं, मग त्यांची वकिलात, मग तिथे पोहोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. प्रत्येक टप्प्यावर नवा शिक्का, कधी नवं पान आणि नवा जोड. तिथे तर कागद कोणाच्या हातात जातो याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून, चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आले, त्यामुळे या देशांबद्दलची जुनी माहिती वाचत असाल तर तारीख बघूनच वाचा. आणि दोन्ही देश करारात आहेत एवढ्यावर थांबू नका. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली आणि भारताने चीनच्या, म्हणून या जोड्यांमध्ये अपोस्टिल चालत नाही. दोघंही सभासद, तरी कागद वकिलातीच्या वाटेनेच न्यायचा. मैत्रिणीच्या एजंटला हे माहीत नव्हतं. माझ्या एजन्सीला माहीत होतं, तेवढं श्रेय त्यांना देते.

म्हणून दोन तारे, एक नाही. कुठला कागद कुठल्या कार्यालयात जातो, आधी कुठला आणि नंतर कुठला, नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी कुठे जुळत नाही, हे सगळं त्यांना उत्तम कळतं. माझ्या पदवीवर मधलं नाव होतं आणि पासपोर्टवर नव्हतं. ते त्यांनी खिडकीपर्यंत जाऊ न देता आधीच पकडलं आणि प्रतिज्ञापत्र करून घेतलं. कागद हाताळायची शिस्त मात्र त्यांच्याकडे नाही, आणि पैसे आपण त्यासाठीही देतो.

तुम्ही एजन्सीला काम देणार असाल तर अपोस्टिल झालेला कागद हातात पडताक्षणी तिथेच, त्यांच्या समोर, जोडाचा फोटो काढा. समोरून एक, मागून एक, दोन्हींत कोपरा स्पष्ट दिसू द्या. स्कॅन हवं असेल तर काचेवर कागद ठेवून पान उलटत करायला सांगा, नाहीतर मोबाइलने फोटो घ्या. पारदर्शक पाकिटावर मोठ्या अक्षरात “पिन काढू नये” असं लिहून चिकटवा. कोणी हसलं तरी चालेल. आणि पावतीवर एक ओळ लिहून घ्या की त्यांच्या हाताळणीमुळे कागद बाद झाला तर शासकीय शुल्कही तेच भरतील. पुढच्या वर्षी मला शाळा बदलायची आहे. विद्यापीठाकडून पदवीच्या दोन जादा प्रमाणित प्रती आताच मागवल्या आहेत, त्यांचं अपोस्टिल मी स्वतः जाऊन करणार आहे. पोलिस दाखल्याला करारपत्र आल्याशिवाय हात लावणार नाही.