दिवाळीपासून लेगोचे गेम: पैसे वसूल कशात झाले

लेगो स्टार वॉर्सचा स्कायवॉकर सागा हा गेम घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकते: तुमच्या दुसऱ्या गेमपॅडचा उजवा अ‍ॅनालॉग, म्हणजे अंगठ्याने फिरवायची काडी, धड आहे का? नसेल तर पुढचं वाचा, पैसे वाचतील.

आमच्याकडे दिवाळीच्या सेलमध्ये हा गेम आला. जुना लॅपटॉप, एचडीएमआय वायरने जोडलेला बत्तीस इंची टीव्ही आणि दोन गेमपॅड. एक आधीपासूनचा, दुसरा ऑनलाइन मागवलेला. जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुमारास त्या दुसऱ्याने रंग दाखवायला सुरुवात केली. हात लावला नाही तरी कॅमेरा, म्हणजे गेममध्ये आपण जिकडे बघतो ती नजर, आपला डावीकडे सरकतोय. पोरगी ल्यूकला सरळ पळवायला बघते आणि तिच्या अर्ध्या पडद्यावर आधी भिंत येते, मग आभाळ, मग परत भिंत. दहा मिनिटांत तिचं डोकं दुखायला लागलं आणि माझं तिच्या आरड्याओरड्याने.

हा आजार बहुतेक साध्या गेमपॅडना कधी ना कधी होतोच. अ‍ॅनालॉगच्या खाली पोटेन्शिओमीटर असतो, त्यात कार्बनच्या पट्टीवर एक पातळ धातूचा तुकडा सतत घासत राहतो. पट्टी झिजली किंवा आत धूळ बसली की काडी मधोमध असूनही आत नोंद मात्र थोडी कलल्याची जाते. सोलापूरची धूळ मार्चमध्ये काय असते ते मी सांगायला नको. हॉल इफेक्टवाले गेमपॅड मिळतात, त्यात चुंबकावर काम चालतं, घासायला काही नसतं. दुकानदार हे स्वतःहून सांगत नाहीत, कारण साधे पुन्हा पुन्हा विकले जातात.

वॉरंटी एक वर्षाची होती. म्हणजे कागदावर होती. आधी बिल मागितलं, ते दिलं. मग डब्यावरच्या नंबरचा फोटो. डबा कोण जपून ठेवतं? मी ठेवते, माळ्यावर होता, दिला. मग व्हिडिओ मागितला, गेमपॅड टेबलावर ठेवून कॅमेरा आपोआप फिरताना. तोही दिला. आठवडाभराने उत्तर आलं की हे ‘वापरामुळे झालेलं नुकसान’ आहे, वॉरंटीत बसत नाही. गेमपॅड वापरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? मी तसंच लिहून पाठवलं. त्यावर ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ असं आलं.

ह्यांचं म्हणणं, टाक नवीन मागवून. पण चालता बोलता गेमपॅड, फक्त एका काडीसाठी फेकायचा, हे काही मला झेपेना. नवी पेठेत मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून, काहीतरी फवारून, काडी गोल गोल फिरवून दिली आणि म्हणाला, ‘ताई, चालंल बघा थोडे दिवस, परत आला की मॉड्यूलच बदलावं लागतंय.’ थोडे दिवस म्हणजे एक रविवार. मग पोराने कुठूनतरी शोधून स्टीमच्या (ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतो आणि चालवतो ते) कंट्रोलर सेटिंगमध्ये डेड झोन वाढवला. म्हणजे काडी जरा जास्त कलल्याशिवाय गेमने ती मोजायचीच नाही. कॅमेरा थांबला खरा, पण आता वळवायला गेलं की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम झटका. किरकोळ बिघाड असेल तर हा उपाय करून बघा, फुकट आहे. आमचा त्याच्या पलीकडे गेला होता.

इथे जुना गेम कामाला आला. त्याच सेलमध्ये स्वस्तात दिसला म्हणून लेगो स्टार वॉर्सचाच कंप्लीट सागाही घेऊन ठेवला होता. २००७ चा गेम, पहिल्या सहा सिनेमांच्या छत्तीस लेव्हल. पोरांनी दिवाळीत पाच मिनिटं बघून ‘शी, किती जुना आहे’ म्हणून बंद केला होता. त्यात कॅमेरा गेमच सांभाळतो, खेळणाऱ्याच्या हातात तो नाहीच. म्हणजे उजव्या काडीला कामच नाही! बिघडलेला गेमपॅड या गेममध्ये नव्यासारखा चालायला लागला. बटणं एकदा स्टीममधून नीट जुळवून घ्यावी लागली तेवढंच.

आणि दुसरा फायदा त्यामागून आला. आमचे सासरे. हयात यंत्रमागावर गेली, पंचाहत्तरी उलटली. स्कायवॉकर सागामध्ये त्यांना एकदा बसवून बघितलं होतं. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं, वर बटणं दाबायची आणि नकाशावरची निळी खूण शोधायची. दोन मिनिटांत गेमपॅड खाली ठेवून ‘तुम्ही खेळा, मी बघतो’ म्हणाले. कंप्लीट सागात मात्र एक काडी आणि दोन बटणं, उडी आणि मारणं, एवढ्यावर गाडी चालते. शिवाय पात्रं बोलतच नाहीत. हातवारे, ‘आं?’, ‘हूं’, खांदे उडवणं, बस. इंग्रजीचा प्रश्नच मिटला. स्टार वॉर्स म्हणजे काय हे त्यांना आजही माहीत नाही, पण काळ्या टोपड्याचा माणूस वाईट आणि तो पिंपासारखा आरटू-डीटू कामाचा, इतकं कळलंय. आरटू-डीटू जमिनीवरची फट हवेत तरंगत ओलांडतो, म्हणून तोच घेतात. उडी मारण्यापेक्षा ते बरं, खाली पडायची भीती नाही म्हणे.

मरायची भीती तशी या गेममध्ये नाहीच. माणूस खळ्ळकन तुकडे होऊन पडतो आणि लगेच परत उभा राहतो. जातं काय तर जमवलेली नाणी. आणि इथेच आमच्या घरातली सगळी भांडणं आहेत. चांदीचं दहाचं, सोन्याचं शंभराचं, निळं हजाराचं, जांभळं दहा हजाराचं. खुर्च्या, दिवे, झाडं, जे दिसेल ते फोडा, नाणी उडतात. पण ती कायम पडून राहत नाहीत, थोड्या वेळाने लुकलुकतात आणि गायब होतात. दोघांचा हिशोब वेगळा, त्यामुळे एकाची सांडलेली दुसऱ्याने उचलली की झालं सुरू. ‘दादा, माझं जांभळं घेतलास बे तू!’ ‘सांडलीस कशाला मग?’

आता या गेमचं जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. दोघं एकाच पडद्यावर असतात आणि पडदा दुभंगत नाही. एक जण कडेला पोहोचला की दुसऱ्याला सोबत यावंच लागतं, नाहीतर दोघंही अडकतात. आणि पुढचा जोर लावत राहिला तर मागचा ओढला जातो, कधीकधी थेट खड्ड्यात. आमच्याकडे पुढे पोरगा असतो आणि मागे आजोबा. एकही नाणं सोडायचं नाही हा त्यांचा नियम. पोरगा दाराशी उभा राहून ‘आजोबा, चला की ओ पुढं!’ करतोय आणि आजोबा पडद्याच्या दुसऱ्या टोकाला एका लुकलुकत्या निळ्याच्या मागे. ‘थांब बे, हजाराचं हाय ते.’ तेवढ्यात पोरगा पुढे रेटतो, आजोबा कडेवरून खाली, नाणी सगळीकडे, आणि मग ते दोघेही माझ्याकडे बघतात. जणू मीच गेम बनवलाय.

हे दुखणं कंपनीलाही कळलं होतं. २००९ च्या लेगो इंडियाना जोन्स २ या गेमपासून त्यांनी पडदा आपोआप फाटणारा केला. दोघं जवळ आले की एक पडदा, लांब गेले की मधे रेघ येते, आणि कोण कुठे आहे त्याप्रमाणे ती तिरकी होत फिरते. एका भाचीच्या घरी लेगो हॅरी पॉटरमध्ये ही फिरती रेघ बघितली. काहींना तिने गरगरतं, पण मला विचाराल तर आजोबांना खड्ड्यात ढकलण्यापेक्षा रेघ परवडली. तोवर आमचा तोडगा असा की अवघड जागा आली की आजोबा स्टार्ट दाबून बाहेर पडतात, त्यांचं पात्र कॉम्प्युटर सांभाळतो, आणि पुढे सपाट जागा आली की परत आत. गेम थांबत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. वीस वर्षं हे लोक हे गेम बनवतायत, पण या येण्याजाण्याच्या सोयीइतकं शहाणपणाचं त्यात दुसरं काही मला सापडलं नाही.

लाल विटांबद्दल एक सूचना. लेव्हलमध्ये लपलेली लाल वीट सापडली की कॅन्टिनामधल्या (दोन लेव्हलच्या मधे जिथे येतो ती खानावळ) काउंटरवर तिचा गुण विकत घेता येतो. नाणी दुप्पट, चौपट, सहापट, आठपट, दहापट. सगळे एकदम चालू केले तर एकमेकांना गुणले जातात, म्हणजे ३,८४० पट. शेवटचा दहापटीचा तर कोटींत आहे, पण आधीचे लावले की तेही जमतं. पोराने हे सगळं चालू केलं आणि आजोबांचा दोन दिवसांत रस गेला. एका खुर्चीमागे लाखो पडायला लागल्यावर निळ्यामागे कोण धावणार? ‘बंद कर ते, आधीचं लाव,’ म्हणाले. मेनूत जाऊन बंद होतात, तेवढं लक्षात असू द्या. मी तर म्हणेन, घरात लहान किंवा म्हातारं माणूस खेळत असेल तर पहिल्या दुपटीच्या पुढे जाऊच नका.

आता स्कायवॉकर सागाबद्दल. फेब्रुवारीत मी ह्यांना ‘पैसे पाण्यात’ म्हणाले होते. आज तसं म्हणणार नाही. पोरगा एकटा खेळतो तेव्हा तो गेम खरंच भारी आहे. नऊ सिनेमे, प्रत्येकी पाच लेव्हल, आणि मधे फिरायला ग्रहच्या ग्रह. १, ४ किंवा ७ यांपैकी कुठल्याही भागापासून सुरू करता येतं, त्यामुळे पोरगी आणि पोरगा वेगवेगळीकडून सुरू करतात आणि तेवढ्यापुरती भांडणं नाहीत. पात्रं आता बोलतात. आम्हाला ते नकोसं झालं तर मम्बल मोड लावतो, की परत ‘आं’, ‘हूं’ सुरू. शोधायच्या कायबर विटाच हजारावर आहेत, उन्हाळ्याची सुट्टी निघून जाते.

पण दोघांत खेळायला? पडदा उभा चिरलेला, कायमचा. दोघं एकमेकांना खेटून उभे असले तरी दोन अरुंद पट्ट्याच. बत्तीस इंची टीव्हीवर अर्ध्या भागातलं ते बारीक लिखाण मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, सासऱ्यांचं सोडाच. आणि मे महिन्यात दुपारी लॅपटॉप असा तापतो की पंख्याचा आवाज कूलरला भारी पडतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, आत लॅपटॉपची भट्टी. २००७ चा गेम त्याच लॅपटॉपवर गार राहून चालतो, दुपारी लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर टीव्हीसकट निभतं. सुट्टीत संध्याकाळी स्कायवॉकर, दुपारी कंप्लीट, असं आमचं वेळापत्रकच ठरून गेलं.

लेगो सिटी अंडरकव्हरचा उल्लेख न करून चालणार नाही, पोरगी वाचेल तर रुसेल. आधी २०१३ ला एकट्याचा निघाला, २०१७ ला नव्याने आला तेव्हा दोघांची सोय झाली. पोलीस चेस मॅककेन वेश बदलतो, आणि शेतकऱ्याच्या वेशात कोंबडी डोक्यावर धरून छपरावरून तरंगत खाली येतो. पोरीने ही कोंबडी सापडल्यापासून गोष्ट पुढे नेलेलीच नाही. छपरावर चढायचं आणि उतरायचं. या गेमात कॅमेरा तुमच्याच हातात, तेव्हा चांगला गेमपॅड तिच्याकडे. लेगोचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, २के ड्राइव्ह, घेतला नाही. गेममध्ये गाड्यांसाठी परत खरे पैसे टाकायची सोय आहे म्हटल्यावर माझा विषय संपला.

घेण्याआधी एक करा. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. पण या गेमांचा पहिला तास एकट्याने खेळताना गोडच लागतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी दोन्ही गेमपॅड लावा, घरातल्या सगळ्यात अडाणी खेळाडूला बसवा, आणि तो वैतागला तर त्याच रात्री परत करून टाका.

पुण्याच्या दिरांची पोरं इकडे नसतात तेव्हा स्टीमच्या रिमोट प्ले टुगेदरने, म्हणजे इंटरनेटवरून आमच्यासोबत खेळतात. गेम आमचा, त्यांनी फक्त स्टीम उघडायचं, दुसरी प्रत घ्यावी लागत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर जाऊबाईंनी स्वतंत्र प्रत घेतली नसती. आमच्या इंटरनेटचा अपलोड कच्चा, त्यामुळे संध्याकाळी तिकडचं पात्र अडखळत चालतं. सकाळी ठीक. पुण्याची पोरं नाण्यांच्या बाबतीत आजोबांना मात्र सांभाळून घेतात, लांबून असेल म्हणून.

आता हॉल इफेक्टवाला गेमपॅड मागवलाय, साध्यापेक्षा काही शेकडे जास्त पडले. जुना आजोबांचा झालाय, त्याच्या उजव्या काडीवर पोरीने लाल नेलपॉलिशने फुली मारून ठेवलीय. नव्याचं बिल पीडीएफ, डबा माळ्यावर, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मी स्वतः काढणार आहे. पुढच्या सेलमध्ये हॅरी पॉटरचा जोडसंच दोनशेच्या आत आला तर घेऊ, नाहीतर नाही.