पुनर्मूल्यांकनाची सेवा: उत्तरपत्रिकेची प्रत उपयोगी, अंतर्गत गुणांना मात्र वालीच नाही

विद्यापीठाच्या पुनर्मूल्यांकन सेवेतला उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत देण्याचा भाग मी कोणालाही मनापासून सुचवेन. महाविद्यालयाने दिलेल्या अंतर्गत गुणांच्या बाबतीत मात्र ही सेवा विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडते. माझी धाकटी बहीण सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. करते. रसायनशास्त्राच्या चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे सत्राच्या सरासरीत विषयाला असणारे वजन) विषयात तिला ‘सी’ श्रेणी मिळाली, तेव्हा तिची तयारी ज्यांनी पाहिली होती त्या कोणालाच तो निकाल पटला नाही. दहा गुणांकांच्या पद्धतीत ‘सी’ला ५ आणि ‘बी प्लस’ला ७ गुणांक मिळतात, बावीस क्रेडिटच्या सत्रात चार क्रेडिटच्या विषयात एवढा फरक पडला, तर सत्राची सरासरी ०.३६ने खाली येते. पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत हा फरक फार मोठा ठरतो.

अर्ज करताना छायांकित प्रत आधी घ्यावी की थेट पुनर्मूल्यांकन मागावे, असा प्रश्न पडतो. प्रत आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. बेरीज चुकली आहे, एखादे उत्तर तपासायचेच राहिले आहे, की परीक्षकाने हात आखडता घेतला आहे, यांपैकी नेमके काय घडले हे प्रत पाहिल्याशिवाय कळत नाही. तिच्या बाबतीत पुरवणीवर सोडवलेला एक संपूर्ण प्रश्न न तपासताच राहिला होता. त्या पानांवर लाल शाईची एक रेघही नव्हती. विषयशिक्षकांनी प्रत पाहून तसा लेखी अभिप्राय दिला, तो अर्जासोबत जोडला आणि पुनर्मूल्यांकनानंतर श्रेणी ‘बी’ झाली. सेवेच्या या भागाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती मुदतीबद्दल. निकाल ऐन पावसाळ्यात लागला, अर्जाची खिडकी थोड्याच दिवसांची होती आणि आमच्याकडे वादळवाऱ्यात वीज गेली की मोबाइलचे नेटवर्कही जाते. शुल्क ऑनलाइन भरताना पैसे खात्यातून वळते झाले, पण पावती निघाली नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या लिपिकांनी परीक्षा विभागाला फोन करून अर्ज मार्गी लावला, त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. किनाऱ्यावरच्या गावातून एसटीने तालुक्याला जाऊन अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला शहरातल्या विद्यार्थ्याइतकीच मुदत देणे मला न्याय्य वाटत नाही.

खरी अडचण अंतर्गत गुणांची. प्रात्यक्षिक, स्वाध्याय आणि चाचणी यांचे गुण पुनर्मूल्यांकनात पुन्हा तपासले जात नाहीत, आणि त्याच विषयातली बहिणीची एक श्रेणी नेमकी तिथेच अडकली होती. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर याविषयी एक ओळही नाही. त्यासाठी महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे आणि तिने तक्रारीवरचा अहवाल कामकाजाच्या १५ दिवसांत द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. मात्र गुण बदलून मागण्याचा अर्ज लोकपाल तेव्हाच ऐकून घेतात, जेव्हा निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवलेले असते. म्हणून ‘गुण कमी वाटतात’ एवढेच लिहून उपयोग नाही. बहिणीने प्रात्यक्षिकांच्या वहीवरच्या शिक्षकांच्या सह्या आणि तारखा तक्रारीला जोडल्या. समितीने नोंदवही मागवली, तेव्हा दोन प्रात्यक्षिकांचे गुण नोंदवायचेच राहिल्याचे निघाले आणि श्रेणी ‘बी प्लस’ झाली. हे गुण विद्यापीठाकडे पाठवण्यापूर्वी फलकावर लावून विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या असत्या, तर हा सगळा खटाटोप वाचला असता.

प्रत मिळायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच असून ती पाहण्याचा व तिची प्रत मिळवण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला. या हक्कात पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्क येत नाही, हेही त्याच निर्णयात आहे. आणि उत्तरपत्रिका जतन करण्याचा काळ संपला तर प्रतही मिळत नाही, त्यामुळे अर्ज लगेच करावा.

दोन्ही चुका विद्यार्थिनीच्या नव्हत्या, तरी प्रतीचे आणि पुनर्मूल्यांकनाचे शुल्क परत मिळालेले नाही. त्यासाठीचा अर्ज आम्ही परीक्षा विभागाकडे दिला आहे, आणि श्रेणी वाढल्यास शुल्क आपोआप परत करण्याचा नियम विद्यापीठाने करावा, अशी मागणीही त्याच अर्जात केली आहे.