९ भोकं, ११ स्टँडऑफ: मदरबोर्ड स्वतः बसवला, त्याला आठ महिने झाले

जानेवारीत मी पहिल्यांदा पीसी स्वतः जोडला. सामान नाशिकच्या एम.जी. रोडवरून आणलं. दुकानदार जोडून द्यायला तयार होता, पण मलाच हौस. अंबडच्या एका वर्कशॉपसाठी घरी बसून ड्रॉइंग्ज करतो, त्यामुळे मशीन रोज आठ-दहा तास चालतं. प्रोसेसर किती वेगवान, गेम कसे चालतात यावर बरंच लिहिलं जातं. मला लिहायचंय ते मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याबद्दल, कारण माझी अख्खी रात्र तिथेच गेली.

बोर्ड पूर्ण एटीएक्स आकाराचा, म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटर. त्याला ९ भोकं. कॅबिनेटच्या ट्रेवर, म्हणजे बोर्ड बसतो त्या पत्र्यावर, पितळेचे षटकोनी स्टँडऑफ आधीच बसवलेले होते, ८. स्टँडऑफ म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब, स्क्रू त्यांच्यातच बसतो. मला वाटलं, चला, कारखान्यातूनच काम झालंय. बोर्ड वर धरून पाहिला तर वरच्या दोन ओळी बरोबर जुळल्या, खालच्या ओळीला मात्र आधारच नव्हता. कॅबिनेटबरोबरच्या पाकिटातले ३ काढले, खाली लावले, बोर्ड ठेवला, स्क्रू आवळले. ८ आणि ३ मिळून ११ होतात आणि भोकं ९ आहेत, एवढा हिशेब काही त्या वेळी डोक्यात आला नाही.

बटण दाबलं. पंख्याने एक गचका दिला आणि सगळं शांत. परत दाबलं, परत गचका. पोटात गोळा आला. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा गेला की बोर्ड जळाला?

बाबा सातपूरला फिटर होते, आता निवृत्त आहेत. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही. ते म्हणाले, "बाहेर काढून चालवून बघ. यंत्र बाहेर चाललं तर दोष बैठकीत." बोर्ड काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, वायरी जोडल्या आणि पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. पंखा फिरला, स्क्रीन आली. मग रिकाम्या ट्रेवर टॉर्च मारला. खालच्या ओळीच्या थोडं वर दोन पितळी टोकं चमकत होती. मायक्रो एटीएक्स या लहान आकाराच्या बोर्डाची शेवटची ओळ तिथे येते, एटीएक्सला त्या जागी भोकच नसतं. ती दोन टोकं बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकून करंट थेट कॅबिनेटच्या पत्र्यात सोडत होती. एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलं म्हणून बोर्ड वाचला. पाठीवर एक बारीक ओरखडा मात्र कायमचा राहिला.

दोन्ही स्टँडऑफ काढले आणि रात्री दीड वाजता पीसी चालू झाला. तेव्हापासून एकदाही आपोआप रीस्टार्ट नाही की हँग नाही. मे महिन्यात दुपारी खोलीतला पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तेव्हाही नाही.

स्क्रूचं वेगळंच. पाकिटात दोन जाती एकत्र होत्या: जाड आट्यांचे ६-३२ आणि बारीक आट्यांचे एम-३. माझ्या स्टँडऑफला जाड आट्यांचे लागत होते. चुकून बारीक लावला तर तो नुसता गोल फिरतो, आणि उलट केलं तर आटे खराब. नीट बसणारे सातच निघाले. दोन आणायला निघालो तर बाबा हसले, "भांडी बाजाराच्या गावात पितळ कमी नाही पडायचं." स्क्रू लोखंडाचे असतात, पण विनोद चालून गेला. आवळायची पद्धत मात्र त्यांचीच घेतली: आधी सगळे हाताने अर्धे बसवायचे, मग समोरासमोरचे आवळत जायचं. हाताला अडल्यासारखं वाटलं की थांबायचं. एका कोपऱ्यातून पूर्ण आवळत गेलं की बोर्ड तिरका होतो आणि शेवटचं भोक जुळत नाही.

मागच्या पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी बोर्डाआधी बसवावी लागते, हे ठाऊक होतं. तिची एक पाकळी लॅनच्या सॉकेटमध्ये वळली, ते मात्र केबल आत जाईना तेव्हा कळलं. बोर्ड पुन्हा सोडवला. काय सांगणार.

स्टॅटिकचं, म्हणजे अंगावर साठून नाजूक भाग बिघडवू शकणाऱ्या विजेचं म्हणाल तर आपल्याकडे त्याला पावसाळ्यात कोणी विचारत नाही. पण निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत हवा अशी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. मी स्वेटर आधीच काढून ठेवला, फरशीवर बसलो आणि दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावत राहिलो. एसएमपीएसची पिन सॉकेटमध्ये, बटण बंद. अर्थिंग जोडलेलं असलं तरच याचा उपयोग, आणि आमचं घर पंचवटीतलं, जुनं. फेब्रुवारीत अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तर अर्थची वायर सुटलेली. म्हणजे जानेवारीत मी ज्या अर्थिंगवर विसंबून होतो ते नव्हतंच! वायर लावल्यावर झिणझिण्या थांबल्या.

गणपतीनंतर सफाईला उघडला. धूळ बरीच, गंज कुठेच नाही, बोर्डही सपाट आहे. एक दोष मात्र माझ्या हातचा: खालच्या ओळीतला एक स्क्रू थोडा ढिला वाटला म्हणून फिरवला, तर खालचा स्टँडऑफच त्याच्याबरोबर फिरतो. ट्रेमध्ये स्टँडऑफ घट्ट बसवायला पाकिटात छोटी षटकोनी टोपी होती, ती मी प्लास्टिकसकट फेकली होती आणि तो नुसता बोटांनी आवळला होता. आता तो स्क्रू सहज निघणार नाही. बाबांची पकड आहे, पण बोर्डाखाली ती शिरत नाही. सध्या तसाच ठेवलाय, दिवाळीच्या सुट्टीत बघू.