अहवाल खरा, हिरा दुसराच

बँकेत एकतीस वर्षे इतरांची कागदपत्रे तपासण्यात घालवलेल्या बाईने स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्याची अंगठी कच्च्या चिठ्ठीवर घ्यावी, हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहिते, कारण ज्या सराफाने आम्हाला फसवले, त्याच्या दुकानात या लग्नसराईतही गर्दी आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये होणाऱ्या सुनेसाठी आम्ही अठरा कॅरट सोन्यात ५० सेंटचा हिरा घेतला. हिऱ्याचे १,१८,०००, ३.४० ग्रॅम सोन्याचे ५,८०० रुपये दराने १९,७२० आणि घडणावळीचे ४,२८०, असे १,४२,००० रुपये झाले. पक्के बिल केल्यास तीन टक्के जीएसटीचे ४,२६० रुपये वाढतील, असे सराफ म्हणाला आणि मी मान डोलावली. हॉल, जेवण, मानपान यांचे आकडे डोक्यात फिरत असताना चार हजार वाचवावेसे कोणाला वाटणार नाही? शिवाय ३.४० ग्रॅम हे हिऱ्यासकटचे वजन होते. ५० सेंट म्हणजे १०० मिलिग्रॅम. म्हणजे तोच हिरा मला सोन्याच्या भावाने पुन्हा ५८० रुपयांना विकला गेला. सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहून घ्या.

त्याने यंत्राचे टोक खड्याला लावले, ते वाजले आणि आम्ही खूश झालो. प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यावरही ते यंत्र तसेच वाजते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हिऱ्यासोबत दिलेला, तो नैसर्गिक असल्याचा तपासणी अहवाल मात्र अस्सल होता. त्याचा क्रमांक मुलाने तिथेच मोबाइलवर पडताळून पाहिला. मग मी विचारले, की हाच क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो ना, तो भिंगातून दाखवता का? तो हसून म्हणाला, “ताई, या घडणीत कड सोन्याखाली जाते, आता कसा दिसणार?” उत्तर बिनचूक होते आणि म्हणूनच मी गप्प बसले. बसवण्यापूर्वी सुटा हिरा दाखवायला तुम्हाला काय झाले होते, हा पुढचा प्रश्न मला तीन महिन्यांनी, रात्री अडीच वाजता सुचला.

फेब्रुवारीत हिऱ्याभोवतीची सोन्याची कड उचलली जाऊन शालीत अडकू लागली, म्हणून दुसऱ्या सराफाकडे दिली. कारागिराने खडा काढला, तर खड्याच्या कडेवर क्रमांकच नव्हता. तपासणीत तो ४७ सेंटचा, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा निघाला. तसा खडा सुमारे १५,००० रुपयांना मिळतो, असे त्या सराफाने सांगितले. आमचा सराफ आता म्हणतो, की चिठ्ठीवर फक्त ‘हिरा ५० सेंट’ लिहिले आहे, ‘नैसर्गिक’ कुठे आहे? तो शब्द बिलावर हवाच.

पोलीस चौकीत “हा दिवाणी मामला आहे” म्हणून परत पाठवले. खोटा खडा देऊन सव्वा लाख घेणे दिवाणी कसे, हे विचारल्यावर साहेब जेवायला गेले. ग्राहकांच्या मदत क्रमांकावर नोंद झाली, दुकानाकडून उत्तर आले नाही आणि “तक्रार निकाली” असा संदेश आला. कोणाच्या बाजूने निकाली, देव जाणे. हॉलमार्कचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने सांगितले, की सोने ७५० शुद्धतेचेच, म्हणजे अठरा कॅरटचेच आहे आणि हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नव्हे. ते खरेच आहे, पण मग हिऱ्याचे कोणी पाहायचे, याचे उत्तर तिथे कोणाकडेही नव्हते. सराफांच्या संघटनेने तो आमचा सभासद नाही म्हणून हात झटकले.

मार्च २०२५ मध्ये ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, एवढी एकच गोष्ट सोपी झाली. वस्तूची तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे; आज नऊ महिने झाले आणि आमच्या तीन तारखा पडल्या. पैकी एकदा समोरचा वकील आजारी होता. यूपीआयने दिलेल्या एक लाखाची नोंद बँकेत आहे, म्हणून निदान तेवढा पुरावा उभा आहे. रोख दिलेले ४२,००० रुपये मिळालेच नाहीत, असे सराफाने लेखी म्हटले आहे.

खडा पुराव्यासाठी सीलबंद पाकिटात वकिलांकडे आहे. सून ती अंगठी मोकळ्या कोंदणासह कपाटात ठेवते आणि मला काही बोलत नाही.