गुणांनुसार तुकड्या की मिश्र तुकड्या?

परळच्या एका पालकांना प्रश्न पडला आहे की, आठवीपासून गुणांनुसार तुकड्या पाडणाऱ्या शाळेत मुलीला ठेवावे, की मिश्र तुकड्यांच्या शाळेत घालावे. ‘अ तुकडीचा निकाल शंभर टक्के’ ही जाहिरात बाजूला ठेवू; मुले निवडूनच घेतल्यावर निकालात शाळेचे कर्तृत्व किती, हे कळत नाही.

शिकवण्याच्या सोयीत पहिला पर्याय सरस आहे, कारण शिक्षकाला एकाच पातळीवर बोलता येते. केनियातील 121 प्राथमिक शाळांच्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलीच्या मुलांची अशी विभागणी केल्यावर वरच्या आणि खालच्या दोन्ही गटांची प्रगती झाली. मात्र तेथे कोणता शिक्षक कोणत्या तुकडीला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले होते. आपल्याकडे अनुभवी शिक्षक बहुधा ‘अ’ला मिळतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

शिक्का बसण्याच्या बाबतीत मिश्र तुकडी निर्विवाद बरी. शिक्षकाची मेहनत मात्र तिथे दुप्पट, आणि मोठ्या वर्गात ती होतेच असे नाही. खर्चाचे म्हणाल, तर शिकवणी दोन्हीकडे लागतेच!

1995 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेची रीत मधली आहे: दिवसातील थोडा वेळ वाचन-गणिताच्या पातळीनुसार गट, बाकी वेळ नेहमीचा वर्ग.

मुलगी वरच्या गटात असून स्पर्धेने खुलत असेल, तर पहिला पर्याय चालेल. ती एखाद्याच विषयात मागे असेल, किंवा तुकडी दरवर्षी बदलण्याची सोय नसेल, तर मिश्र तुकडीच घ्यावी.